रिकामा खिळा

माई : परत चालव.

चष्मा : तीनदा चालवली टेस्ट, माई. तिन्ही वेळा हिरवी, म्हणजे पास. आता काय सोन्याची हवी का?

माई : मध्ये ती छापायची ओळ टाकलीयस ना?

चष्मा : टाकणारच. आत काय चाललंय ते दिसायला नको?

माई : काढ ती. छापायला वेळ लागतो, तेवढ्यात एकदम धावणारे सगळे थ्रेड शहाण्यासारखे पाळी धरतात. दारात पोलीस उभा केलास तर चोरही अंगण झाडायला लागेल.

चष्मा : घ्या, काढली. आणि... लाल.

माई : वाच.

चष्मा : रांगेत घातले दहा हजार, बाहेर आले दहा हजार. बरोबर आहे की! मग लाल कशाला?

माई : जुनी टेस्ट तेवढंच विचारायची. आज सकाळी मी तिला एक प्रश्न जास्त शिकवलाय. खालची ओळ वाच.

चष्मा : चार हजार एकशे सात, दोनदा. चार हजार एकशे आठ... आलाच नाही.

अण्णा : कोण आला नाही?

माई : कुणी नाही, अण्णा. तुम्ही पडा.

अण्णा : दोन महिने पडूनच आहे. अहो चष्मेवाले, तुम्ही सांगा. ही मला काचेचं भांडं समजते. मला न्यायला दोन रुग्णवाहिका आल्या होत्या, ठाऊक आहे ना? लग्नात एक गाडी मिळाली नव्हती मला, चालत गेलो होतो.

चष्मा : सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे, अण्णा. माई तेव्हा हसून सांगायच्या. आज का हसत नाही, माई?

माई : त्यांना रांग समजावून सांग. मला पाणी पिऊ दे.

चष्मा : सोपं आहे. कुणीतरी फोन करतं, गाडी पाठवा म्हणून. आमची ऑपरेटर पत्ता भरते. पत्ता पुरा झाला की त्याला क्रमांक पडतो आणि तो रांगेत जातो. पलीकडून जी गाडी मोकळी होईल ती पहिला क्रमांक उचलते. ती रांग मी लिहिली.

माई : प्रोग्रामिंगच्या भाषेत तयार रांग होती, आयती मिळाली असती. याला घरी विणलेली हवी होती.

चष्मा : ती हळू होती. नियम असा, अण्णा, की एका वेळी एकानेच आत जायचं, कडी लावायची, पहिला कोण ते बघायचं, उचलायचा, रांग एक पाऊल सरकवायची, मग कडी काढायची. मी नुसतं बघायचं काम कडीबाहेर काढलं. तेवढाच वेळ वाचतो.

अण्णा : आणि दोघांनी बाहेरून एकदमच बघितलं तर?

माई : दोघांना सातच दिसतो. दोघं सात घेऊन जातात. मग एकामागून एक आत जाऊन रांग सरकवतात. रांग दोन पावलं पुढे जाते आणि आठ तिथंच मागे राहतो. त्याला कुणी बघतसुद्धा नाही.

अण्णा : संध्याकाळी मोजणारा म्हणतो, सगळं ठीक.

माई : मोजणारी. ती टेस्ट माझी आहे, अण्णा.

अण्णा : मी तुला खाणीतलं सांगितलं होतं.

माई : शंभरदा.

अण्णा : यांना नाही सांगितलं. खाणीच्या तोंडाशी बिल्ले वाटायचं काम होतं माझं, साहेब. खाली उतरताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला न्यायचा, वर आला की तो परत माझ्या फळ्यावरच्या खिळ्याला. एकाचा बिल्ला हरवला म्हणून त्याला दुसरा ठोकून दिला. पुढे जुना सापडला. त्याने प्रामाणिकपणे दोन्ही आणून दिले. मी दोन्ही एकाच खिळ्याला अडकवले, मोजले, आकडा भरला, आणि कुलूप लावून घरी गेलो.

चष्मा : आणि?

अण्णा : आणि काय. एक जण खालीच होता. सकाळी वर आणला. तेव्हापासून मी बिल्ले मोजले नाहीत. रिकामा खिळा शोधायचो.

माई : हे ऐकत लहानाची मोठी झाले मी. आणि तीन वर्षं मोजत बसले.

चष्मा : माई, दहा हजारांत एकदा होतंय हे. तेही सगळे हात एकदम घुसवल्यावर. बघायचं काम कडीच्या आत परत घेतो, पाच मिनिटांचं काम. रिपोर्टात लिहू, दोष सापडला, दुरुस्त केला. विषय संपला.

माई : त्या बाईचा संपतो का?

चष्मा : साहेबांनी उत्तर तयार ठेवलंय. ‘आपली विनंती आमच्याकडे नोंदलेली नाही.’ खोटं कुठं आहे त्यात? नोंदलेली नाहीच.

अण्णा : कुठली बाई?

माई : एकीने तक्रार केलीय. नवरा अंथरुणातच गेला तिचा. ती म्हणते, मी फोन केला होता, गाडी आली नाही. तिच्या मोबाइलवर दिसतंय, दोन मिनिटं बोललीय. सासू म्हणते, बोलली असेल, पण घाबरून पत्ताच सांगितला नाही हिने. आमच्या साहेबांनाही तेच सोयीचं आहे.

चष्मा : सांगितलाही नसेल, माई. माणसं घाबरतात.

माई : पत्ता पुरा झाल्याशिवाय क्रमांक पडत नाही. ही अट कुणी घातली?

चष्मा : मी.

माई : त्या दिवसाची यादी काढलीय मी. एकशे बारा दोनदा, दोन गाड्यांच्या नावावर. एकशे तेरा नाही. फोनची वेळही जुळतेय.

चष्मा : म्हणजे तिला क्रमांक पडला होता.

अण्णा : एकशे बारा कोण?

माई : अण्णा, औषधाची वेळ झालीय.

अण्णा : पोरी, मी विचारलं, एकशे बारा कोण?

(माई औषधाची बाटली शोधू लागते.)

अण्णा : बरं.

माई : मला वाटलं होतं, आपल्या ऑफिसातल्या बाईचा बाप म्हणून दोन धाडल्या. पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते मी.

अण्णा : चार माणसं लागली होती मला. तिसरा मजला, त्यात त्या जिन्याचं वळण. पहिल्या दोघांनी हात टेकले होते. मग दुसरी गाडी आली, आणि त्यातल्या एकाने माझं डोकं छातीशी धरलं. मी त्याला म्हणालो, देवासारखा आलास.

चष्मा : यात तुमचा काय दोष, अण्णा?

अण्णा : दोष नाही म्हणतोय मी. जिना उतरलो तो कुणाच्या वाट्याच्या गाडीमुळे, ते म्हणतोय.

चष्मा : माई, ऐका. टेस्टखाली तुमचं नाव आहे. माझ्याकडे डिग्रीचा कागद आहे, मला झापून सोडतील. तुम्ही पुस्तकं वाचून शिकलेल्या. तुम्हाला काढतील, आणि या वयात दारात कोण उभं करणार?

माई : खरं आहे.

चष्मा : मग?

माई : मग ती जन्मभर सासूसमोर बसून जेवणार. आणि काही दिवसांनी तिलाही वाटायला लागेल, की खरंच सांगितला नसेल.

अण्णा : पाकीट दे.

माई : कसलं पाकीट?

अण्णा : पत्र घालायला. बाईला लिही. साहेबांना काय ते नंतर पाठव.

चष्मा : ऑफिसच्या परवानगीशिवाय?

अण्णा : मी ऑफिसात नाही. मी एकशे बारा आहे. मला लिहिता आलं असतं, पण हात थरथरतो. हिच्या हातून लिहून घेतोय.

माई : नाही अण्णा. रिपोर्टाची प्रत जोडणार मी. म्हणजे माझंच नाव आलं.

चष्मा : थांबा. माझं वर घाला. आधी रांग, मग टेस्ट.

माई : नक्की?

चष्मा : लिहा हो. पुन्हा विचारू नका, मी पळून जाईन.

माई : ‘आम्हाला क्षमा...’

अण्णा : ते खाली. तिचं तिला आधी दे.

माई : मग सुरुवात काय करू?

अण्णा : तिने केलं होतं ते लिही. ...झालं? वाच, लिहिलंस ते.

माई : ‘बाई, तुमचा फोन आला होता. पत्ता तुम्ही नीट सांगितला होता.’