कडीवरचा हात

मुलगी : ...आणि बाबा, मी चुकले. सगळ्यांसमोर!

बाबा : आधी त्या कापडावरून ऊठ, टाचण्या आहेत त्यात. हं, आता बोल. नर्सचं काम होतं ना? ट्रे घेऊन मागून जायचं. त्यात चुकायला काय आहे?

मुलगी : ते सकाळीच झालं. नंतर मालिकेतल्या आईचा क्लोजअप होता. मुलगी घर सोडून निघते, आई दारात उभी.

बाबा : त्या घरातलं तीन वर्षं कुणी ना कुणी सोडूनच जातंय. घर आहे की धर्मशाळा?

मुलगी : तुम्ही मालिका बघत नाही ना?

बाबा : मी शिवत असतो. कानावर पडतं. पुढे?

मुलगी : मुलीचं काम करणाऱ्या ताई दुसऱ्या शूटिंगला गेल्या होत्या. दिसणार फक्त आई, पण तिला बघायला समोर कुणीतरी हवं. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून वाक्यं वाचायची. दिग्दर्शक म्हणाले, "ए नर्स, तू ये."

बाबा : नर्सची मुलगी झालीस. बढतीच की!

मुलगी : थट्टा नका ना करू. त्या बाई पाच मिनिटांपूर्वी गुडघ्याला मलम चोळत बसल्या होत्या. मग "ॲक्शन" झालं आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाबा, मला हातातला कागद दिसेना! वाटलं, मी खरंच निघालेय आणि ही बाई आज एकटीच जेवणार.

बाबा : ग्लिसरीन घालतात गं डोळ्यांत.

मुलगी : बाटलीला हातसुद्धा लावला नाही. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते, अंगावर काटा आला. माझं शेवटचं वाक्य नुसतं "येते मी" होतं. ते म्हटलं आणि पुढे तोंडातून निघूनच गेलं, "दार लावून घे."

बाबा : ते कागदावर नव्हतं?

मुलगी : नव्हतं. मी रोज निघताना तुम्हाला म्हणते ना, तेच आलं. दिग्दर्शक ओरडले, "वाचायला सांगितलंय, लिहायला नाही!" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण त्या बाई म्हणाल्या, "थांबा. पुन्हा घेऊ. आणि हिला तेच म्हणू दे."

बाबा : मग?

मुलगी : मग त्यांनी जे केलं, ते मला सांगताच येत नाही. शुक्रवारी साडेसातला दाखवतील. बघाल?

बाबा : तू दिसशील?

मुलगी : नाही. आवाजही त्या ताईंचाच घालतील.

बाबा : म्हणजे राबलीस तू, टाळ्या तिला. चिमे, वर्षात नाव असलेल्या पात्राचं एक काम मिळालं नाही, तर दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटच्या वेळा लिहायला बसेन, हा शब्द तुझा. वर्ष संपलं. सोमवारी वाट बघतायत ते.

मुलगी : माहीत आहे. जाईन मी. पण बघा तरी.

(शुक्रवारी संध्याकाळी. घरात, टीव्हीसमोर.)

बाबा : या जाहिराती संपेपर्यंत माणूस म्हातारा होईल.

मुलगी : श्श! सुरू झालं. ती बघतेय ना, तिथे मी आहे. आता मी म्हणाले, दार लावून घे. तो हात बघा.

बाबा : कडीवर ठेवला.

मुलगी : हो.

बाबा : लावत नाहीये.

मुलगी : लावलीच नाही. कागदावर फक्त "आई रडते" एवढंच होतं, बाबा. "कट" झाल्यावरही कुणी हललं नाही, लाइटवाले दादासुद्धा. कुठून आणतात हे? मला जन्मभर त्यांच्यासमोर उभं राहायला मिळालं ना, मागून ट्रे घेऊन जायलाही मी तयार आहे... बाबा? रडताय तुम्ही?

बाबा : ग्लिसरीन गेलं डोळ्यात.

मुलगी : बाबा!

बाबा : त्या बाईंना तू आपल्या घरचं काही सांगितलं होतंस?

मुलगी : नाही हो. मी नर्स नंबर दोन. मला कोण विचारतंय?

बाबा : डॉक्टरांना उद्या मीच सांगून येतो. दुसरं कुणीतरी बघा म्हणावं.

मुलगी : पण मला काम कुठे मिळालंय? मी दिसले तरी का?

बाबा : तू रोज म्हणतेस, बाबा, दार लावून घ्या. आणि मागे न बघता जातेस. कोपऱ्यावर वळेपर्यंत माझा हात कडीवरच असतो गं.