लाभ, दोन, तीन

आदरणीय अध्यक्षा सौ. नयनाताई, मराठी फारसं कळत नसूनही आमच्या आग्रहाखातर व्यासपीठावर येऊन बसलेले डॉक्टर देवाप्पा, जिच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ती माझी भाची डॉक्टर कावेरी, भगिनी मंडळाच्या माझ्या मैत्रिणी, त्यांना सोबत म्हणून आलेली पुरुष मंडळी, आणि पुढं खुर्ची राखून ठेवलेली असताना मागच्या खांबाआड जाऊन बसलेले माझे थोरले बंधू बिंदुमाधवराव, सर्वांना माझा विनयपूर्वक नमस्कार.

मी या मंडळाची खजिनदार. माझ्याकडून आपल्याला हिशेब ऐकायची सवय आहे, भाषण ऐकायची नाही. त्यातून माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं. सभेत बोलण्याचा प्रसंग देवानं आजवर टाळला होता. आज त्याचंही लक्ष नसावं.

हार एकच आणला होता, तो डॉक्टर देवाप्पांच्या गळ्यात पडला. कावेरीला नुसतं फूल दिलं, म्हणून मघाशी कुणीतरी कुजबुजलं, "अनुसूयाबाई, एवढी काटकसर?" अहो, देवालाही मी रोज एकच फूल वाहते. त्यानं अजून तक्रार केलेली नाही.

आमच्या नयनाताई पुण्याच्या. त्यांचे यजमान विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. माझं भाषण मी आधी त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "यात कानडी शब्द फार आहेत हो." मी म्हटलं, "काढा." त्यांनी काढले. मग पाहिलं, तर कागदावर नमस्कार आणि आभार एवढंच उरलं होतं. म्हणून मूळचंच वाचते आहे. ताई हसत आहेत, म्हणजे माफी मिळाली.

आता मुद्द्याचं. कावेरीला कुठली पदकं मिळाली ते निमंत्रणपत्रिकेत छापलेलं आहे. मी तुम्हाला एका खोट्याची गोष्ट सांगणार आहे. दचकू नका. ज्याचं खोटं, त्याची परवानगी घेतली आहे. तो खांबाआड बसला आहे. मला म्हणाला, "सांग बाई. पण त्या दिवशी मी डोक्यावरचा पेटा उलटा घातला होता, ते तेवढं सांगू नको." तर ते मी सांगणार नाही.

आमचं घराणं बेंगळूरला कधी आलं, कुणालाच नीट ठाऊक नाही. कुणा सरदाराबरोबर हिशेब लिहायला आलो आणि हिशेब संपेना म्हणून राहिलो, असं आजोबा सांगत. तीनेकशे वर्षं झाली असावीत. इतकी वर्षं राहिल्यावर जिभेचं काय होणार? मी भावाला अण्णा म्हणते, त्याची मुलगीही त्याला अण्णाच म्हणते. आमटीला आम्ही हुळी म्हणतो. 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' कधी येऊन बसलं, कळलंही नाही. पण काही गोष्टी मराठीतच राहिल्या. त्यातली एक म्हणजे मोजणं.

माझी वहिनी अहल्या रोज सकाळी तांदूळ मोजायची. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. ही रीत आपल्यात आहे, कन्नड घरांतही आहे. लाभ, दोन, तीन. मापं तीनच, पण वहिनी म्हणायची अशी, की अंगणात दाढी करत बसलेल्या अण्णाला कळावं आज पाहुणा आहे की नाही. 'चार' ऐकू आलं, की तो तिथूनच ओरडायचा, "माझा नवा सदरा काढून ठेव गं!"

कावेरी लहान असतानाच वहिनी गेली. मी शेजारच्याच घरात, तेव्हा सकाळी तिकडं जाऊ लागले आणि माप त्या पोरीच्या हातात दिलं. पिंपापर्यंत हात पोचावा म्हणून पाटावर उभी राहायची. लाभ, दोन, तीन. मोजायला ती अशी शिकली. शाळेत मास्तरांनी चिंचोके मोजायला दिले, तरी हिचा पहिला चिंचोका 'लाभ'!

मग आलं अठ्ठावन्न साल. भाषावार रचनेत राज्य नुकतंच मोठं झालेलं, जो तो भाषेवरून बोलत होता, आणि अफवांना काही तोटा नव्हता. कचेरीत अण्णाला कुणीतरी सांगितलं, की ज्यांची मातृभाषा कन्नड नाही, त्यांचे मेडिकलचे अर्ज तळाशी जातात. कुणाचा गेला, कधी गेला, कुणी पाहिलं? काही नाही. पण अण्णा हेडक्लार्क. कागद तळाशी जाणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? त्यानं कावेरीचा अर्ज स्वतःच्या वळणदार अक्षरात भरला आणि मातृभाषेच्या रकान्यात लिहिलं, कन्नड.

मी तिथंच वाती वळत बसले होते.

"अण्णा, हे चुकलंय," कावेरी म्हणाली.

"चुकलेलं नाही. लिहिलंय."

"आई माझ्याशी कन्नडमध्ये कधी बोलली?"

"तुझी आई असती, तर तिनंच लिहायला लावलं असतं. आधी पोरीला सीट मिळू दे म्हणाली असती."

"पण हे खोटं आहे."

"कसलं खोटं? भाजी तू कन्नडमध्ये आणतेस, मैत्रिणींशी भांडतेस ते कन्नडमध्ये, संध्याकाळी देवापुढं पदं म्हणतेस तीही कन्नडच! आणि तुझ्या या आत्यानं आत्ता हुळीबद्दल काय सांगितलं तुला?"

मी सांगितलं होतं, "हुळीत स्वल्प मीठ घाल, सरी?" आता या वाक्याची मातृभाषा कुठली, ते विद्वानांनी ठरवावं.

पोरगी माझ्याकडं वळली. "आत्या, तू सांग. हे खरं की खोटं?"

मी म्हटलं, "अण्णानं मांडलेली एकेक रक्कम खरी आहे. बेरीज खोटी आहे."

अण्णा म्हणाला, "तू वाती वळ."

कावेरीनं सही केली. सतरा वर्षांची मुलगी, आई नाही, बाप एवढा तळमळतोय. किती वाद घालणार? पण दुसऱ्या दिवसापासून तांदूळ मोजताना तिचा आवाज बंद झाला. नुसते ओठ हलायचे. अंगणात अण्णा वस्तरा हातात धरून वाट बघायचा आणि मग तशीच दाढी उरकायचा. घरात कुणी कुणावर रागावलं नाही, पण अन्नाला चव राहिली नाही. मीठ बरोबर असायचं. मी बघत होते.

पुढं मुलाखत आली. आतल्या खोलीत काय झालं, ते मी कावेरीकडून ऐकलं आहे आणि डॉक्टर देवाप्पांकडूनही. दोघांचं जुळतं, म्हणून सांगते.

डॉक्टर तेव्हा कॉलेजचे प्रिन्सिपॉल. मुलं घाबरतात म्हणून ते आधी आपला हात पुढं करायचे, "माझी नाडी मोज बघू. मी थांब म्हणेपर्यंत." कावेरीनं हात धरला. हात धरला की भीती जाते, असं ती म्हणते. भीती गेली तसा आवाज परत आला. आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "लाभ..."

इथपर्यंत ठीक होतं बरं का! लाभ डॉक्टरांच्या घरीही म्हणतात. ते खूशच झाले, तांदूळ मोजणारी मुलगी दिसते म्हणून. पण पुढं आलं, "दोन, तीन, चार, पाच..."

डॉक्टरांनी अर्जाकडं पाहिलं. "मातृभाषा कन्नड लिहिलंय. मग हे दोन-तीन कुठलं?"

शेजारी एक डॉक्टरीण बसल्या होत्या. मोठ्या मायाळू. त्यांना पोरीचा चेहरा बघवेना. त्या म्हणाल्या, "शेजाऱ्यांकडून उचललं असेल. आपल्या बेंगळुरात काय, गल्लीगणिक भाषा."

पाहा, देव कसा परीक्षा घेतो! दार उघडून दिलं, उंबऱ्यावर रांगोळी काढून दिली. पोरीनं नुसती मान हलवायची होती. तुमच्यापैकी किती जणांनी हलवली नसती? मी तर दोनदा हलवली असती.

कावेरी म्हणाली, "शेजाऱ्यांचं नाही, मॅडम. आईचं आहे. अर्जात खोटं लिहिलं गेलं आहे. सही माझी आहे."

डॉक्टरांनी विचारलं, "बरं, नाडी किती भरली?"

"तुम्ही मध्येच बोललात, सर. मोजणं राहिलं. परत मोजू?"

डॉक्टर देवाप्पा, आत्ता हसता आहात तसे तेव्हा हसला नव्हता म्हणे!

बाहेरच्या बाकावरून अण्णाला आत बोलावलं. तो आला तो तसाच, पेटा... असो. सांगणार नाही म्हटलंय. "हे कुणी लिहिलं?" डॉक्टरांनी विचारलं. बापलेक एकदम म्हणाले, "मी." मग अण्णानं अफवेची सगळी कथा सांगितली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"अहो राव, तो रकाना कशासाठी आहे ठाऊक आहे? आमच्या वॉर्डात दंडूकडचे, छावणीतले तमिळ येतात, उर्दूवाले येतात, पेठेतले तुमचे मराठी शिंपी येतात. कुठं दुखतं ते विचारायला कुणाला पाठवायचं, ते आम्हाला कळावं म्हणून तो रकाना. मराठी बोलणारी एक मुलगी मिळेना म्हणून मी बसलोय, आणि तुम्ही आहे ती लपवताय?"

म्हणजे बघा, खोटं बोललो ते बोललो, वर तोट्याचं बोललो!

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. अर्जाच्या तळाशी छापलेलं होतं, खोटी माहिती आढळल्यास अर्ज रद्द. डॉक्टर म्हणाले, "कमिटीपुढं ठेवावं लागेल. मी वचन देत नाही."

घरी आल्यावर अण्णा माझ्यावर घसरला, "तुझ्या बेरजेनं घात केला!" मी म्हटलं, "घात कशानं झाला ते देवापुढं बसून परत एकदा मांड." तो जेवला नाही. पोरगी मात्र, काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी किती दिवसांनी पोटभर जेवली. सीट गेली तर गेली, अशा थाटात ताक मागून मागून प्यायली.

त्यानंतरचं मला कालपरवापर्यंत माहीत नव्हतं. आमंत्रण द्यायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी अण्णा त्यांच्या घरी गेला होता. फाटकाशी उभा राहून म्हणाला, "अक्षर माझं आहे. मुलीनं बापाचं ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा. शिक्षा मला द्या." सरकारी माणूस. हे त्याच्या कचेरीत कळलं असतं, तर काय झालं असतं, याचा विचार करा.

डॉक्टर म्हणाले, "सीटचं कमिटी ठरवेल, त्यात मी पडणार नाही. शिक्षा हवी असेल तर देतो. तुमची मुलगी असो नसो, दर रविवारी वॉर्डात या आणि मराठी रुग्णांचं मला कन्नडमध्ये सांगा."

आणि मी समजत होते, अण्णा रविवारी प्रवचनाला जातो!

पहिल्याच रविवारी शिंप्यांच्या गल्लीतल्या चंद्राबाई भेटल्या. अण्णानं विचारलं, "बाई, कुठं दुखतं?" त्या म्हणाल्या, "बाप्यामाणसाला काय सांगू मेलं? घरात लेकबिक असली तर तिला पाठवा." अण्णानं हे जसंच्या तसं कन्नडमध्ये डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणतात, कमिटीपुढं त्यांनी फक्त चंद्राबाईंचं मत मांडलं, स्वतःचं नाही.

यादी लागली. कावेरीचं नाव शेवटचं होतं. म्हणजे कागद तळाशी गेला तो गेलाच. पण यादीच्या आत राहून गेला!

आता ती पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला निघाली आहे. तिथल्या अर्जात तिनं स्वतःच्या हातानं 'मराठी' लिहिलं. मुलाखतीत तिथल्या बाई म्हणाल्या, "तुमचं मराठी जरा कानडी वाटतं हो." ही म्हणाली, "तीनशे वर्षं मुरलंय, वाटणारच." नयनाताई, आपल्या गावाला सांगून ठेवा. पोरगी ऐकून घेणारी नाही.

एकच सांगते आणि बसते. गेल्या चैत्रात अण्णाला ताप आला होता. कावेरी दवाखान्यातून आली ती तशीच त्याच्यापाशी बसली आणि मनगट हातात घेतलं. डॉक्टर लोक मनातच मोजतात, तिचेही नुसते ओठ हलत होते. अण्णाचे डोळे मिटलेले. मला वाटलं झोपला आहे. तो म्हणाला, "मोठ्यानं म्हण."

ती म्हणाली, "लाभ, दोन, तीन, चार..."

अण्णा डोळे न उघडता म्हणाला, "चार? पाहुणा कोण आलाय?"

मी आत गेले आणि खरंच एक माप जास्त घातलं.

आजच्या समारंभासाठी सभागृह देणारे विश्वस्त, वाट वाकडी करून आलेले डॉक्टर देवाप्पा, अध्यक्षा नयनाताई आणि सकाळपासून चित्रान्न करण्यात गुंतलेल्या भगिनी, सर्वांची मी मंडळाच्या वतीनं ऋणी आहे. खाऊन गेल्याशिवाय कुणी उठायचं नाही. तांदूळ मी मोजून घातले आहेत, उरले तर मला झोप लागणार नाही. बोलण्यात कुणाला लागलं असेल, कुठं मान राखायचा राहिला असेल, तर बहीण समजून पोटात घाला. मराठीत कन्नड सांडलं आहे, त्याची मात्र क्षमा मागत नाही. ते आमच्याकडून पुसलं जायचं नाही.

आणि अण्णा, आता त्या खांबाआडून पुढं ये बघू. नवा सदरा घालून आला आहेस, तो लोकांना दिसू दे.