वाघाचा मेसेज आलाच नाही

बायांनो, हे सांगताना अजूनही माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. आमच्या जावयानं कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम लिहिला होता. वनरक्षकानं वाघ दिसल्याचं कळवलं, की मोहफुलं वेचणाऱ्या आम्हा बायांच्या फोनवर मेसेज यायचा. मेसेज नाही म्हणजे वाघ नाही, असं धरूनच आम्ही पहाटे निघायचो. त्या दिवशी मेसेज नव्हता. वाघ मात्र मोहाखालीच बसला होता! पाठ न फिरवता मागं मागं सरत आम्ही निघालो. मी थेट जावयाचं घर गाठलं.

"जावईबापू, मेसेज काऊन नाई आला?"

"प्रोग्राम अडकला होता, आई."

"मंग त्यानं तुमाले सांगतलं नाई?"

"तो सांगतो ना. पण सारखे लाल अक्षरात एरर येत. म्हणून कमांडमागं ऑप्शन लावला, एरर दाखवूच नको म्हणून."

"बोंबलणाऱ्याचं तोंड बांधलं, अन् आमाले वाघापुढं धाडलं?"

तिथंच उभी राहून मी तो ऑप्शन बदलायला लावला. आता त्यांचा स्क्रीन दिवसभर लालच लाल असतो.

परवा हळूच म्हणाले, "आई, बारीकसारीक एरर बंद करू का?"

"करा ना. फक्त उद्या मोहाकडं आमच्या पुढं तुमी चाला."

अजून एकही बंद केलेला नाही.