अनावश्यक फायलींबाबतची सूचना

विषय : कोड लिहिणाऱ्या एआयसाठी सुनेने तयार केलेल्या सूचनांची तपासणी.

जन्मभर परिपत्रकं वाचलेला माणूस निवृत्तीनंतर घरात रिकामाच बसलेला, म्हणून काम माझ्याकडे आलं. सातवी सूचना होती, 'अनावश्यक फायली काढून टाकाव्यात.'

"अनावश्यक कुठल्या, हे कोण ठरवणार?"

"तोच, बाबा. हुशार आहे तो."

"आमच्याकडेही एक हुशार कारकून होता. कोणी उघडत नाही म्हणून त्याने सगळ्यांची सेवापुस्तकं रद्दीत घातली. तुझ्या एआयला ही सूचना कधी देणार?"

"सकाळीच दिलीय."

तिने घाईघाईने लॅपटॉप उघडला. गिऱ्हाइकांच्या नोंदींचा फोल्डर रिकामा होता. खाली नम्रपणे लिहिलं होतं, 'काम पूर्ण झाले.'

"बाबा, मी अजून नोकरीत कायम झालेली नाही हो," ती म्हणाली. मी तिला पाणी दिलं.

बॅकअप मिळावा म्हणून तिने कंपनीत अर्ज केला आहे. अर्ज प्रलंबित आहे.