मनोहरकाकांची तीन मिनिटं

सुमनकाकू, आणि काकांसाठी लांबून लांबून आलेल्या सगळ्यांनो,

मला बोलायला सांगितलंत. कसं बोलू? मनोहरकाका जाऊन आठवडा झाला, तरी तोंडातून 'होते' निघत नाही.

काका परदेशातल्या या आपल्या गावचं लोकांचं टीव्ही चॅनल चालवायचे. चर्चमागची खोली, दोन कॅमेरे, एक खुर्ची. दर मंगळवारी कुणीही यावं, बसावं, तीन मिनिटं बोलावं. लाइव्ह. काका कुणाचं कापायचे नाहीत, कुणाला वाढवून द्यायचे नाहीत.

आमची पहाटेची बस बंद होणार होती. बसवाले म्हणे, तिला माणसंच नसतात. मग आम्ही कोण? मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत. सहाला हजर नसलो तर नोकरी गेली. सफाईवाल्या बायका, किचनवाले, सगळ्यांचं तेच.

गेलो मी खुर्चीत. आणि काय केलं? मायदेशी गावाकडच्या सभेसारखं सुरू केलं! व्यासपीठावरचे मान्यवर... व्यासपीठावर कोण? काका आणि एक हीटर. मग माझं गाव, तालुका, वडिलांचं नाव. काकूंच्या पोह्यांचेही आभार मानले. वेळ संपली. बसचं सांगायचं राहिलंच.

"काका, एकच मिनिट द्या ना!"

"का? तू काय माझा जावई लागून गेलास?"

"अहो, बस बंद होईल!"

"मग पुढच्या मंगळवारी ये. एकटा नको. सगळी बस घेऊन ये."

सगळी बस नेली, मंडळी! दारापासून पार रस्त्यापर्यंत लाइन. आभार नाहीत, मान्यवर नाहीत. मी अमुक, मी वॉर्ड पुसते. मी तमुक, मी पेशंटचा नाश्ता करतो. माणसंच नसतात म्हणणाऱ्यांना ती माणसं तासभर बघावी लागली. सगळ्या गावानं बघितली.

बंद करायचं रद्द झालं, बस राहिली! मी पळत खोलीत शिरलो, ओरडलो, "काका, जिंकलो!"

काका म्हणाले, "गाढवा, लाइव्ह चालू आहे." आणि स्वतःच टाळ्या वाजवायला लागले. तेही लाइव्ह गेलं.

काकू, तुम्ही रडा, पण मान वर ठेवून रडा. तुमच्या माणसानं आम्हाला दिसायला लावलं.

आज पहाटे त्याच बसनं कामावर गेलो. बसायला जागा नव्हती. अख्खा रस्ता उभा होतो, आणि काय सांगू, उभं राहायला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

चला, काकांसाठी सगळे उभे राहूया. एक मिनिट, गप्प.