एक मत पडलं

...हो, तेच गाव, तेच. एका मताचं. तुमी पयले नाही इचारनारे, या रिसोडच्या स्टँडवर जो भेटते तो हेच इचारते, जसं का आमच्या गावाले दुसरं नावच नाही. पेपरात त्या टायमाले छापलं काय, तं 'बहिष्कार मागे, मतदान शांततेत'. शांततेतच होईन ना बाप्पा, साऱ्या गावातून एकच मानूस गेला मत टाकायले, तो भांडन कोनासंग करीन, मशीनसंग? अन् वरतं उकंडभाऊचा फोटो, बोटाले शाई, डोळे मिटलेले... फोटोवाल्याले वाटलं उन्हानं मिटले. बसा, बस काही आत्ता येत नाही, सांगतो तुमाले.

उकंडभाऊ खिल्लारे म्हंजे विहाराजवळच्या वस्तीतला मानूस. किन्हीराजाच्या पलीकडे नाला ओलांडला की आमचं गाव. सत्तरी कवाच गेलेली, उंच, हाडकुळा, अन् बोलनं कसं, तं नाहीच. बोलाचं काम त्याची बायको करे, रुख्मिणीवहिनी, दोघांच्या वाटचं तीच बोले. मागच्या साली भर पावसाळ्यात, दुपारची, चुलीजवळ बसल्या बसल्या वहिनीचं तोंड वाकडं झालं, अर्धं आंग गेलं. पोरानं, संघदीपनं, किन्हीराजाच्या गोलूची जीप बलावली. जीप आली बी, पन नाल्याच्या त्या कडेले. वहिनी बाजेवर, या कडेले. मधात पानी. गोलू तिकडून हॉर्न वाजवून राह्यला, जसं का हॉर्न आयकून पानी बाजूले सरकन. सारं गाव कडेवर उभं, अन् भाऊ बाजेची पाटी धरून खाली बसलेले. पानी उतरलं, पन दिवस बुडता बुडता उतरलं, अन् वहिनी काही तोवर थांबली नाही.

आता चूक कोनाची म्हनता? नाल्याची नाही, नाला पानी वाहून नेनारच. सरकारची बी नाही, पूल तं मंजूर होता म्हने... कुठीतरी.

मंग जे कधी झालं नोतं ते झालं. सरपंच उदयसिंग वस्तीत आला. तसा तो पाच वर्षांतून एकदा येच, पन दारातूनच हात जोडून जाय. यावेळी घरात येऊन खाली बसला, चहा प्याला अन् कप ठेवून म्हने, "भाऊ, वहिनी साऱ्या गावाची होती. पूल नाही तं मत नाही." ग्रामसभा भरली, भाऊले समोर खुर्चीवर बसवलं. हात वर करा म्हनलं, तं सारे हात वर. भाऊचा हात मांडीवरच होता, पन समोर खुर्चीत बसवलेल्या मानसाचा हात कोन पाह्यते?

मतदानाले आठवडा राह्यला अन् भाऊ जेवता जेवता म्हनले, "मी टाकीन मत."

संघदीपच्या हातातला घास हातातच. "बाबा, काय बोलून राह्यले? आयसाठी चालू हाये ना हे सारं. आजपावतर हे गाव आपल्या मागं कधी उभं राह्यलं होतं का? पयल्यांदा राह्यलं, अन् तुमीच..."

"उभं राह्यलं, चांगलं झालं. मी नाही म्हनतो का?"

"मंग काहून?"

मंग भाऊ बोलले, अन् संघदीप सांगते, जलमात बाप इतका बोलला नोता. "तुह्या मायले मतदानाच्या दिवसाचं लय कवतिक होतं. सकायी आंघोळ करून पांढरं लुगडं नेसे अन् मले म्हने, चाला, आज आपलं नाव पुरं घेतीन. सालभर मी उकंड्या, ते रुखमी. त्या दिवशी खुर्चीतला साहेब मोठ्यानं वाचते... रुख्मिणी उकंडराव खिल्लारे. आयकून येताना वाटेनं हासे ते."

संघदीप उठून बाहेर गेला. तो चुकला का? नाही. बाप चुकला का? तुमीच सांगा मले.

मतदानाच्या आदल्या दिवशी काय पाह्यलं आमी, तं नाल्यात टिप्परनं मुरूम पडून राह्यला. मशीनची गाडी गावात यायची होती ना. दोन घंट्यात रस्ता तयार, वरतं रोलर फिरलेला. सारं गाव पाह्यत होतं. भाऊ बी पाह्यत होते. खाली उतरून त्या मुरमावरून ते एकदा तिकडे गेले, एकदा इकडे आले, अन् घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेत टेबलं लागली. मुख्य साहेब म्हंजे एक मॅडम, ज्योत्स्ना मॅडम, मास्तरीनच होत्या कुठल्यातरी शाळेच्या. त्या टेबलापाशी, पोलीस दारापाशी, अन् गाव समोरच्या लिंबाखाली. सकाय गेली, दुपार आली. तिकडून ते आमच्याकडे पाह्यते, इकडून आमी त्याइच्याकडे पाह्यतो. आमाले कोनीतरी सांगतलं होतं का एकबी मत पडलं नाही तं वाशिमचे मोठे साहेब स्वतः येतीन, येतीन तं पूल घेऊनच येतीन... कोनी सांगतलं होतं ते आता कोनालेच आठवत नाही.

अन् उन्हं कलता कलता भाऊ निंगाले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, एकटेच. लिंबाखालून उदयसिंग आडवा आला, पन हात जोडून.

"भाऊ, वहिनीसाठी बसलो आमी सकायपासून. पानी नाही प्यालो."

"मी बी तिच्याचसाठी चाललो, उदयसिंग," भाऊ म्हनले.

उदयसिंग बाजूले झाला.

अंदर काय झालं ते मले दारातल्या पोलिसानं सांगतलं. यादीवाल्या साहेबानं वाचलं, उकंडराव नथ्थू खिल्लारे. बोटाले शाई लावली, मशीनकडे जा म्हनलं. भाऊ हालत नाही. म्हने, "आमच्या घरचं वाचा जी." मॅडमनं यादीत पाह्यलं, खालीच नाव. मेलेल्या मानसाचं नाव काढायले बी सरकारले टाइम लागते. मॅडम म्हनल्या, "रुख्मिणी उकंडराव खिल्लारे. त्या आल्या नाहीत का, आजोबा?"

"मोठ्यानं वाचा."

मॅडमले काही समजलं नाही, पन त्या चेहऱ्याकडे पाहून बाई खुर्चीतून उठून उभी राह्यली अन् मोठ्यानं वाचलं. आमाले लिंबाखाली आयकू आलं. सारं गाव आयकत होतं, अन् कोनी कोनाकडे पाह्यलं नाही.

मंग भाऊनं मत टाकलं. कोनाले, ते मले इचारू नका, त्यानं तं पोराले बी सांगतलं नाही. बाहेर आले तसं तहसीलच्या लोकांनी घेरलं, फोटो काढला, "बोट वर करा आजोबा, हसा जरा." तेवढ्यात डोळे मिटले त्याचे.

पुढं काय व्हायचं? वरतं रिपोर्ट गेला, गावानं प्रतिसाद देल्ला. बहिष्कारच नाही, तं तक्रार कायची, अन् तक्रार नाही तं पूल कायले? गाव म्हने, एका मतानं पूल बुडवला. उदयसिंग मंग वस्तीत आला नाही. त्याची चूक म्हनता का? त्यानं बी दिवसभर पानी सोडलं होतं ना. संघदीप बापासंग बोलते, पन जेवाले वाढण्यापुरतं. वहिनीच्या वर्षश्राद्धाले, म्हंजे पुण्यानुमोदनाले, वस्तीतलेच लोक होते. फकस्त उदयसिंगची बायको, ललिताबाई, मांगच्या दारानं आली, वहिनीच्या फोटोसमोर घडीभर बसली अन् तशीच गेली. मुरूम पयल्याच पुरात वाहून गेला, ते काही सांगायची गोष्ट नाही.

अन् सरकारनं काय करावं? पंधरा ऑगस्टले वाशिमात भाऊचा सत्कार ठेवला. आदर्श मतदार. शाल, नारळ, सारं. भाऊ पांढरे कपडे घालून सकायीच निंगाले. दुपारी साहेबाचा फोन, "आजोबा, सगळे थांबलेत तुमच्यासाठी, कुठं आहात?"

भाऊ म्हनले, "नाल्यापाशीच बसून हावो, साहेब. पानी उतरलं की येतो."

साहेब म्हने, "अहो, तोवर कार्यक्रम संपेल. राहू द्या, शाल आम्ही माणसाबरोबर घरीच पाठवतो."

भाऊ म्हनले, "पाठवा जी. पन आज नका पाठवू, मानूस वाहून जाईन."