ती वायर आधी लावा

ठेवा. खाली ठेवा म्हणते ना ते खोकं! — बिघडलाय? कोण म्हणालं बिघडलाय? खालच्या फ्रेमच्या दुकानातले? ते माझे धाकटे बंधुराज. वाटलंच मला. मी प्रेसमध्ये प्रुफं द्यायला बाहेर पडले की त्याला बरोबर सुचतं सगळं. आणि तुम्ही हो? जुने कॉम्प्युटर विकत घेत हिंडता ना, मग एवढं तरी बघायचं — तुम्ही वायर उपटलीत तेव्हा आतला पंखा फिरत होता की नव्हता? फिरत होता! मग बिघडलेला कसा? आधी ती वायर लावा. ती नाही, मागची, जाड — हां. दाबा बटण. आता उभे राहू नका डोक्यावर, बसा त्या स्टुलावर. तो नीट चालू झालेला बघितल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाहीये.

काय म्हणालात? दिवसभर रिकामा चालू कशाला? — झालं, तुम्हीही त्याच्याच शाळेतले. अहो, मी प्रुफं वाचायची थांबते तेव्हाच तर हा खऱ्या कामाला लागतो! एक आजार आहे. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच हळूहळू मरत जातात. आता तो का होतो, कशाने थांबेल, हे शोधायचं तर गणितं इतकी अवाढव्य, की शास्त्रज्ञांच्या स्वतःच्या मशीनना जन्मभर पुरतील. म्हणून ते त्या गणितांचे तुकडे करतात आणि इंटरनेटवरून घरोघरी पाठवतात. ज्यांना मदत करायचीय त्यांच्या घरी. एक तुकडा इथे येतो, हा सोडवतो, उत्तर परत पाठवतो, दुसरा मागून घेतो. असे हजारो कॉम्प्युटर, कुणाच्या ऑफिसात, कुणाच्या स्वयंपाकघरात. आणि आमचे हे बंधू म्हणतात, खोली तापते! — मिळतं काय? काही मिळत नाही! काही मिळत नाही म्हणून काढून टाकायचं असतं, तर आधी त्यालाच काढला असता मी घरातून.

बाबांनी लावून घेतला होता हा. माझ्याकडून. दुकान मूळ त्यांचं. काच कापावी तर बाबांनी — एक रेघ, एक टिचकी, की दोन तुकडे. आणि एक दिवस ती रेघच वाकडी गेली. आम्ही हसलो, म्हटलं बाबा, चष्मा बदला. चष्म्याचं काय घेऊन बसलात, अंगठ्यात जोरच राहिला नव्हता! मग बटणं लागेनात. मग घास. मग आवाज गेला. तेव्हा या खुर्चीत बसून असायचे, पडद्यावर गणित किती झालं तो आकडा पुढे सरकताना बघत, आणि एक तुकडा पुरा झाला की माझ्याकडे असे बघायचे — असे, की जणू स्वतःच्या हाताने काच कापलीय. — गेले. औषध निघालं नाही. नाहीच निघालं, मी कुठे म्हणते निघालं? मागे त्या शास्त्रज्ञांनीच जाहीर केलं, की ज्या वाटेने शोधत होतो ती पुढे बंद आहे, आता दुसरीने जाऊ. आमचा हसला! खो खो हसला. म्हणे, ‘घे ताई, एवढी घरं राबली आणि निकाल काय, तर हे नव्हे!’ अरे मूर्खा, हे नव्हे हे कळायलासुद्धा कुणीतरी त्या वाटेने जाऊन यायला लागतं ना? डोक्यात तिडीक जाते माझ्या. म्हणे, ज्याच्यासाठी लावला तो माणूस गेला, आता काढ.

ज्याच्यासाठी लावला! हा आजार आमच्या रक्तात आहे, हे त्याला डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलंय. तपासणी करून घे म्हटलं, तर कानांवर हात. वेळ नाही! दुकानात काय दिवे लावतो हो हा? काच आता बाहेरून कापून आणतो. का, तर पाठ दुखते. पाठीने कापतात काच? लग्नाला गेला तो टी-शर्ट घालून, बायको ओरडत होती शर्ट घाल म्हणून. चहाचा कप धरतो तो दोन्ही हातांनी, थंडी वाजते म्हणे, या उकाड्यात! ताईला दिसत नाही असं वाटतं त्याला. प्रुफं वाचते मी, पोटासाठी चुका बघते दिवसभर, आणि हे मला — मला हे —

नाही. पाणी नको.

आणि त्याची मुलगी, ती तर अजून घसा फाडून गाणी म्हणत जिने चढते. तिच्यासाठी नको चालू? — माझं काय? माझी झाली तपासणी. नाहीये मला. सुटले मी. हे त्याला सांगितलेलं नाही, आणि कसं सांगू? ‘बघ, मी सुटले’ असं म्हणू त्याच्या तोंडावर? तो पंखा ऐकवत नाही त्याला, कळत नाही का मला? बाबांचा श्वास ऐकू येतो त्याला त्यात. पण म्हणून बंद करायचा? आत्ता? आता तर —

तुम्ही कोण आहात हो? तुम्हाला कशाला सांगतेय मी हे?

झाला चालू. उठा. हे बघा, खाली त्याने विचारलं तर म्हणावं, फार जुना आहे, घेण्यासारखा नाही. ताई चिडली, वाट्टेल ते बोलली, हेही सांगा, खुशाल सांगा, त्याला सवय आहे. बाकीचं — बाकीचं काही बोललेच नाही मी. कळलं? निघा आता. दार ओढून घ्या.